पंगत आणि वाढप

प्रस्तावना

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात क्लॅरेंडन नावाची काउंटी आहे. १९४७ साली तिथल्या काळ्या पालकांनी शाळाखात्याकडे एक बस मागितली. गोऱ्या मुलांसाठी काउंटीत तीस बसगाड्या धावत होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. मुलं मैलोन्‌मैल चालत शाळेत जायची. धरणामुळे झालेल्या तलावाचं पाणी रस्त्यावर चढलं की काहींना होडी वल्हवत पलीकडे जावं लागे. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस विकत घेतली होती. ती सारखी बंद पडायची. शेवटी ते म्हणाले, निदान पेट्रोलचा खर्च तरी द्या. त्यालाही नकार आला.

लेव्ही पिअरसन नावाच्या शेतकऱ्यानं त्या बससाठी कोर्टात धाव घेतली. त्याची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर होती आणि त्याचा कर दुसऱ्या विभागात जमा होत होता, एवढ्या मुद्द्यावर १९४८ मध्ये दावा निकालात निघाला. पिअरसनला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. त्याला पतपुरवठा बंद झाला, तोडलेली लाकडं उचलायला कोणी येईना, आणि पीक उभं असताना कापणीचं यंत्र भाड्यानं मिळेना. तरीही पुढच्या वर्षी त्याच गावांतल्या लोकांनी नवा अर्ज केला. तो चालवला थर्गूड मार्शल या वकिलानं. अर्जावर पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं होतं. पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या या माणसाची नोकरी गेली. मोटेलमध्ये साफसफाई करणाऱ्या त्याच्या बायकोचीही गेली. पाद्री जोसेफ डिलेन यांनी या सगळ्यांना उभं केलं होतं. पुढे त्यांचं चर्च जाळलं गेलं आणि त्यांना राज्य सोडून पळावं लागलं.

हाच अर्ज पुढे आणखी काही खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला, की वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत. जगानं हा निकाल ‘ब्राऊन’ या नावानं लक्षात ठेवला. तो मोठाच होता. पण मला त्या निकालाइतकीच ती बसही महत्त्वाची वाटते. लोक मागायला गेले होते बस, इमारत, शिक्षक आणि पैसा. त्यांच्या पदरात पडला तो दुसऱ्याच्या शाळेत बसण्याचा हक्क, आणि तोही वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. मागणं आणि मिळणं यांच्यात जे अंतर पडलं, तोच या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्या भाषेत या अंतरासाठी एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसवायचं, पण एकाच्या पानात तुपाची धार धरायची आणि दुसऱ्याला टिपूस दाखवून पुढे सरकायचं, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. पंगतीबाहेर बसवणं हा एक अन्याय आणि पंक्तिप्रपंच हा दुसरा. पहिला दुरून दिसतो, त्याचा फोटो निघतो, त्याच्याविरुद्ध कायदा करता येतो. दुसरा पानावर बसलेल्यालाच कळतो, आणि त्यानं तक्रार केली तर ‘पंगतीत घेतलं ना, आता आणखी काय पाहिजे?’ असं त्यालाच विचारलं जातं. ज्याला अमेरिकेत ‘इंटिग्रेशन’ म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना एका जागी आणणं, त्यानं पहिल्या अन्यायाला हात घातला. समता दुसऱ्या अन्यायाशी झुंजल्याशिवाय येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या लेखांत मी एकच गोष्ट तपासत गेले आहे: जागा कोणाला मिळाली हे तर पाहायचंच, पण वाढप कोणाच्या हाती राहिलं?

थोडं मागे जाऊ. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. सोयी समान असतील तर वेगळेपणात काही गैर नाही, असं ते तत्त्व होतं. त्यातलं ‘वेगळं’ कसोशीनं पाळलं गेलं आणि ‘समान’ कधीच आलं नाही. क्लॅरेंडनमध्ये १९४९-५० या वर्षात गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च झाले आणि काळ्या मुलामागे ४३. एवढे दोन आकडे समोर ठेवले, तरी तत्त्व आणि व्यवहार यांच्यात किती मैल होते ते कळतं.

अशा स्थितीत वकिलांपुढे दोन वाटा होत्या. ‘समान’ या शब्दावर बोट ठेवून प्रत्येक गावात बस, खडू, छप्पर मागत राहायचं, किंवा वेगळेपणाचं तत्त्वच उखडायचं. पहिली वाट न संपणारी होती. दर काउंटीत नवा दावा, दर दाव्यात नवी पळवाट. म्हणून त्यांनी दुसरी निवडली. मला ती निवड चुकीची वाटत नाही. पण त्या निवडीत काय मागे राहिलं ते व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावात स्पष्ट दिसतं.

तिथली मोटन हायस्कूल ही काळ्या मुलांची शाळा १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेली होती आणि तिच्यात साडेचारशेहून जास्त मुलं शिकत होती. गर्दी झाली म्हणून आवारात लाकडी खोपटी उभारून त्यांना डांबरी कागद ठोकला होता. खोलीत एकच शेगडी. तिच्याजवळ बसलेल्याला भाजून निघायला व्हायचं आणि कोपऱ्यातला मुलगा कोट घालून कुडकुडत लिहायचा. पाऊस आला की छप्पर गळायचं. व्यायामशाळा नाही, खानावळ नाही, प्रयोगशाळा नाही. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं मुख्याध्यापकांना बनावट फोनचं निमित्त करून शाळेबाहेर काढलं, सगळ्या मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मुलांना हवी होती नवी इमारत. गोऱ्यांच्या शाळेत जाऊन बसणं हे त्यांच्या मनात नव्हतं. नागरी हक्क संघटनेचे वकील आले आणि म्हणाले, वेगळेपणाविरुद्धच लढणार असाल तर आम्ही खटला घेतो, नाही तर नाही. पालकांनी चर्चा केली आणि होकार दिला.

तो खटलाही ब्राऊनच्या निकालात सामील झाला आणि जिंकला गेला. त्यानंतर काय झालं? १९५९ मध्ये एकत्र शाळा चालवण्याची वेळ आली तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीनं सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीला सरकारी पैशाचा आधार मिळाला. काळ्या मुलांना पाच वर्षं सरकारी शाळाच उरली नाही. कोणी नातेवाइकांकडे दूरच्या गावी गेली, कोणाचं शिक्षण कायमचं सुटलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा उघडायला लावल्या. निकाल त्यांच्या बाजूचा, कायदा त्यांच्या बाजूचा, आणि तरी दहा वर्षांचा मुलगा पंधराचा होईपर्यंत त्याच्यासाठी सरकारी शाळेचं दार बंद. इतकी ताकद काउंटीकडे कुठून आली? पैसा, जमीन आणि मंडळातल्या खुर्च्या तिच्या हातात होत्या. वाढपी बदलला नव्हता.

ब्राऊनच्या निकालात एक युक्तिवाद होता, ज्याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. वेगळेपणामुळे काळ्या मुलांच्या मनात न्यूनगंड तयार होतो, असं न्यायालयानं म्हटलं. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून केलेले प्रयोग त्यामागे होते. त्या मुलांचं दुःख खरं होतं. पण युक्तिवादाचा रोख असा लागला, की बिघाड काळ्या मुलाच्या मनात आहे आणि गोऱ्या मुलाशेजारी बसवलं की तो दुरुस्त होईल. गोऱ्या समाजानं ज्या व्यवस्थेतून एका मुलामागे १७९ आणि दुसऱ्यामागे ४३ मोजले, तिची चौकशी तिथे झाली नाही. काळ्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांना हे खटकलं. १९५५ मध्ये फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी विचारलं, की ज्यांना मी जवळ नको आहे त्यांच्याजवळ जाण्यात मी माझा सन्मान का मानावा? वेगळेपणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी ते पत्र आपल्या सोयीनं वापरलं, आणि स्वतःच्या समाजातून हर्स्टन यांच्यावर टीकेची झोड उठली. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न तिथेच उभा आहे.

त्याचं सर्वांत कडू उत्तर शिक्षकांच्या वाट्याला आलं. कॅन्सस राज्यातलं टोपेका, जिथून ब्राऊन खटल्याला नाव मिळालं, तिथल्या काळ्यांच्या शाळा चांगल्या होत्या आणि शिक्षक उत्तम शिकलेले होते. पण १९५३ मध्ये, निकाल लागण्याच्याही आधी, तिथल्या एका काळ्या शिक्षिकेला अधीक्षकांचं पत्र आलं. वेगळेपण रद्द झालं तर बहुसंख्य लोकांना काळे शिक्षक नको असतील, म्हणून पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होईलच असं नाही, असा त्याचा आशय होता. मुलांना एकत्र बसवायची तयारी होती, पण फळ्यासमोर कोण उभं राहणार हे आधीच ठरलं होतं. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८,००० काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले, असा अंदाज आहे. ज्या गावात काळ्या माणसाला बँकेत, कचेरीत, दवाखान्यात वरचं पद मिळत नव्हतं, त्या गावात मुख्याध्यापक हा एकच माणूस असा होता, ज्याच्याकडे पाहून मुलाला आपलं पुढचं रूप दिसे. शाळा एक झाल्या तेव्हा ठिकठिकाणी काळ्यांची शाळा बंद झाली, इमारत नवी असली तरी. तिचं नाव, तिचं गीत, तिच्या कपाटातल्या ढाली, सगळं मागे राहिलं. सून घरात आल्यावर तिचं नाव बदलतात, तशीच ही तऱ्हा होती. घर दोघांचं म्हणायचं आणि नाव मात्र एकाच घराण्याचं चालवायचं.

वर्गात जागा मिळाली त्यांचं काय झालं? आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात सप्टेंबर १९५७ मध्ये नऊ काळी मुलं सेंट्रल हायस्कूलच्या दारात गेली. एलिझाबेथ एकफर्ड त्या दिवशी एकटीच आली होती. नव्या शाळेसाठी घरी शिवलेला चौकड्यांचा फ्रॉक तिनं घातला होता, छातीशी वही धरली होती आणि मागे ओरडणारा जमाव होता. तो फोटो अनेकांनी पाहिला आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो इथे सांगते. त्या नवांतला अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये पदवीदान समारंभात मंचावर गेला. इतर मुलांची नावं पुकारली की टाळ्या पडत होत्या. त्याचं नाव आलं आणि मैदान शांत झालं. त्यानं प्रमाणपत्र घेतलं आणि त्या शांततेतूनच तो परत येऊन जागेवर बसला. पंगतीत त्याचं पान होतं, फक्त वाढणारा हात त्याच्यापाशी थांबला. पुढच्या वर्षी शहरातली सरकारी हायस्कूलं वर्षभर बंदच ठेवली गेली.

एका छताखाली आल्यावरही भिंती उभ्या राहतात, हे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसलं. तिथल्या शाळांत मुलांची ‘कुवत’ लवकर ठरवून त्यांना वेगवेगळ्या श्रेणींच्या वर्गांत टाकत. गरीब आणि काळी मुलं खालच्या वर्गांत जमा होत आणि तिथून वर येणं दुरापास्त होई. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ती पद्धत रद्द केली. तरी ‘हुशारांची तुकडी’ आणि ‘बाकीच्यांची तुकडी’ ही विभागणी वेगवेगळ्या नावांनी आजही चालू आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण अखेर वाढपाचं भांडं तेच आहे. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवुड हा बहुतांश मेक्सिकन वंशाच्या गरीब लोकांचा शाळा-विभाग होता आणि अलामो हाइट्स हा सधन गोऱ्यांचा. १९६७-६८ मध्ये एजवुडचे लोक कर जास्त दरानं भरत होते, तरी सगळी मदत धरून तिथे मुलामागे ३५६ डॉलर येत होते आणि अलामो हाइट्समध्ये ५९४. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना परत पाठवलं, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, न्यायालयानं सांगितलं की शहरातल्या शाळांचं वेगळेपण मोडण्यासाठी आजूबाजूच्या ५३ उपनगरी विभागांना त्यात ओढता येणार नाही. थर्गूड मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले होते. दोन्ही वेळा त्यांनी विरोधी मत नोंदवलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच जिंकलेला निकाल उपनगराच्या वेशीवर अडला होता.

ही वेस आपोआप पडलेली नव्हती. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात धोक्याच्या दाखवल्या. गृहकर्जाला सरकारी हमी मिळू लागली तेव्हा त्या वस्त्या वगळल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत गोऱ्या कुटुंबांनी स्वस्तात घेतलेली घरं पुढच्या पिढीची पुंजी झाली. १९६८ च्या कायद्यानं घरांतला भेदभाव बेकायदा ठरवला, पण तोवर वाढलेली पुंजी वाढलेलीच राहिली. मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि काळ्या कुटुंबाची ४४,९००. शेजारी राहण्याचा हक्क कायदा देतो. शेजारचं घर विकत घेण्याची ताकद त्यात धरलेली नाही. मार्टिन ल्यूथर किंग शेवटच्या वर्षांत हेच सांगत होते: खानावळीत बसायची मुभा मिळाली, पण खिशात जेवणाचे पैसे नसतील तर त्या मुभेचा उपयोग काय? एप्रिल १९६८ मध्ये मेम्फिस शहरात त्यांचा खून झाला, तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी तिथे गेले होते.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगते. ‘एकत्र आणून काही उपयोग झाला नाही, आपापलं वेगळंच बरं’ असा निष्कर्ष या पुस्तकातून काढणं म्हणजे ते उलटं वाचणं होईल. अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी दाखवलं आहे, की न्यायालयाच्या आदेशानं शाळा एकत्र झाल्या आणि त्यासोबत काळ्या मुलांच्या शाळेवरचा खर्च वाढला, तिथे ती मुलं जास्त शिकली, मोठी झाल्यावर जास्त कमावू लागली आणि त्यांची प्रकृतीही चांगली राहिली. गोऱ्या मुलांचं त्यात काही बिघडलं नाही. १९७१ ते १९८८ या काळात राष्ट्रीय चाचण्यांत वाचनाच्या बाबतीत काळ्या-गोऱ्या मुलांमधली दरी लक्षणीय कमी झाली. म्हणजे पंगतही हवी आणि वाढपही हवं. काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९३५ मध्येच म्हटलं होतं, की काळ्या मुलाला वेगळी शाळा हवी की एकत्र, हा मूळ प्रश्नच नाही. त्याला शिक्षण हवं आहे. जिथे त्याला माणूस म्हणून मान आहे, त्याच्या लोकांचा इतिहास शिकवला जातो आणि शिक्षकाला तो आपला वाटतो, ती त्याची शाळा.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताशी आपलं नातं महात्मा फुल्यांनी १८७३ मध्येच जोडलं. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी दुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीनं जाणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. त्याहून जवळचा दाखला १९३३ चा आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर आणि १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांनी स्वतः सत्याग्रह केले होते. तरीही मंदिरप्रवेशाचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला नाही. हे शेवटचं उद्दिष्ट आहे की पहिली पायरी, असं त्यांनी विचारलं. अस्पृश्यांच्या उद्धाराचा खरा मार्ग शिक्षण, चांगली नोकरी आणि बरी मिळकत हाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या भूमिकेत मला विसंगती दिसत नाही. तळ्यावरचं पाणी हा हक्क होता आणि तो ओंजळीनं घेतला गेला. मंदिराचं दार दुसरा कोणी मेहेरबानीनं उघडणार होता आणि आतली उतरंड तशीच राहणार होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून घेतलं, त्यामागेही हीच ओळख होती. दोन्ही देशांचं दुःख एकच आहे असं मी म्हणत नाही. जात आणि वंश यांची घडण वेगळी आहे. पण पंगतीत घेतल्याचे उपकार मानायला सांगणारा सूर दोन्हीकडे अगदी सारखा ऐकू येतो.

पुढचे लेख शाळेपासून सुरू होतात, तिथून घर, नोकरी, दवाखाना आणि मतपेटी अशा वाटेनं जातात. प्रत्येक लेखात आधी दार उघडल्याची गोष्ट आहे आणि मग दारातून आत गेल्यावरची. वाचताना वाचकानं प्रत्येक विजयापाशी थोडं थांबावं आणि विचारावं: आता पैसा कोण वाटणार? नेमणुका कोण करणार? कोणाचं नाव राहिलं, कोणाचं पुसलं गेलं? या प्रश्नांची उत्तरं जुनीच असतील, तर तिथे एकत्र येणं घडलं आहे, समता यायची आहे.

क्लॅरेंडनच्या पालकांचा अर्ज मी अनेकदा वाचला आहे. त्यात तात्त्विक फारसं काही नाही. मुलं फार आहेत आणि शिक्षक थोडे, शेगडी धड नाही, पाण्याची सोय नाही, बस नाही, असं त्यात म्हटलं आहे. खाली सह्या आहेत, आणि त्या सह्यांसाठी माणसांनी नोकऱ्या, पिकं आणि घरं गमावली. त्या भागात पुढे शाळा एकत्र करायची वेळ आली तेव्हा गोरी मुलं खाजगी शाळेत निघून गेली आणि सरकारी शाळेत जवळजवळ सगळी काळीच मुलं उरली. बस त्यांना मिळाली. ती ज्या शाळेपाशी थांबते, त्या शाळेच्या वाट्याला काय येतं, हे पाहण्यासाठी हे पुस्तक आहे.